साखरपुड्याची अंगठी: लक्ष्मी रोडआधी घरचं कपाट

माझं आयुष्य भूविज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे नात्यात कुणाचं लग्न ठरलं की खड्याची चौकशी माझ्याकडे येते. "मावशी, खाणीतला हिरा नकोय, मग काय घेऊ?" असं हल्ली भाच्या विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कपाट उघडायचं, मग पुण्याच्या लक्ष्मी रोडला, सराफांकडे जायचं.

हिऱ्याबद्दल विचारलंत की दुकानदार 'किंबर्ली प्रोसेस'चं नाव घेतो. कच्च्या हिऱ्यांना दाखले देणारी ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००३ पासून आहे, पण तिची नजर फार अरुंद आहे. बंडखोर टोळ्या सरकारविरुद्धच्या युद्धाचा खर्च भागवायला जे कच्चे हिरे विकतात, तेवढेच तिच्या लेखी वाईट. खाणीतल्या मजुराला काय मिळालं, नदीचं काय झालं, सरकारी फौजेनं कुणाला हुसकावलं, यातलं काहीच त्या दाखल्यात येत नाही. शिवाय तो दाखला कच्च्या मालाच्या खेपेला असतो, तुमच्या बोटातल्या खड्याला नाही.

आता कपाट. आजीच्या जुन्या अंगठीतलं माणिक, एकच उरलेली कुडी, मोडकी बांगडी, कुणी आहेरात दिलेली वेढणी, काहीतरी निघतंच. लोक खड्याचाच विचार करतात आणि सोनं विसरतात. जगभरच्या छोट्या खाणींत सोनं वेगळं करायला पारा वापरतात, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा याच कामाचा आहे. घरातलं सोनं वितळवलं की तेवढं नवं सोनं लागत नाही.

मोठ्या पेढीत मोड दिली की ते वजन आणि कस बघून रक्कम वळती करतात. तुमची बांगडी सगळ्यांच्या सोन्यात जाते. पर्यावरणाच्या हिशेबात त्यानं काही बिघडत नाही. पण आजीचंच सोनं बोटात हवं असेल तर सोन्या मारुती चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमधला कारागीर गाठावा लागतो, ओळखीतून गेलात तर उत्तम. खडे आधी काढून घ्या, मगच वजन करा. वितळवताना समोर बसा. लगड झाली की पुन्हा वजन करा आणि मशीनवर कस बघा. जुन्या दागिन्यात सांधे जोडायला लावलेला कमी कसाचा डाख असतो, त्यामुळे कस अपेक्षेपेक्षा कमी भरतो. ती चोरी नव्हे. घट किती धरणार आणि घडणावळ किती, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या.

हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक नोंदणीकृत सराफामार्फतच मिळतो आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तो तपासता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. नाजूक अंगठी त्यात सहज बसते, म्हणून तिचा कस बिलावर लिहूनच घ्या. आणि खड्याच्या अंगठीसाठी बावीस कॅरेटचा हट्ट नको. ते मऊ पडतं, खडा धरून ठेवणारे आकडे (प्रॉन्ग) वाकतात, खडा हलायला लागतो. अठरा किंवा चौदा घ्या. घरातल्या ज्येष्ठांना हे पटत नाही, त्यांच्यासाठी मंगळसूत्र बावीसचं करा.

कपाटात खडा नाही निघाला तर नवा घ्यावा लागेल. रोज घालायच्या अंगठीला माझी एक अट असते: कठीणपणा सातच्या वर (हे मोहस यांचं एक ते दहाचं माप, त्यात हिरा दहा). साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचा कठीणपणा सात. त्याहून मऊ खडा नुसत्या पुसण्यानं मंद होत जातो. मोती अडीचच्या आसपास, ओपल सहाच्या जवळपास, म्हणजे दोघंही बाद. पाचू कठीणपणात पास होतो, पण आत चिरा असतात. भांडी घासणाऱ्या हातात तो टिकत नाही.

मला स्वतःला नीलमाच्या कुळातले खडे आवडतात. कठीणपणा नऊ. नीलम म्हटलं की लगेच शनी आणि साडेसाती निघते, तेव्हा गुलाबी किंवा हिरवट घ्या. खनिज तेच, आणि पंचांगवाल्यांचं त्यावर सहसा काही म्हणणं नसतं. श्रीलंकेचा माल मिळाला तर बघा; तिथं बरंचसं काम अजून छोट्या खड्ड्यांतून, हातानं चालतं. म्यानमारचं माणिक टाळा, तिथल्या खाणींचा पैसा लष्कराकडे जातो. स्वस्त आणि मोठं माणिक दिसलं तर त्याच्या चिरांत शिशाची काच भरलीय का, ते स्पष्ट विचारा. असा खडा लिंबाच्या रसानंही खराब होतो, म्हणजे रोजच्या वरण-भातावर लिंबू पिळणाऱ्यांच्या घरात त्याचं काही खरं नाही.

'इथलाच दगड वापरू' असंही कुणी सुचवतं. कल्पना गोड आहे. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत येतात, पण ते इतकं मऊ आणि ठिसूळ की त्याची जागा काचेच्या कपाटात. आपल्या बेसाल्टमधला अकीक बऱ्यापैकी टिकतो. पण तो घासायला-पैलू पाडायला गेलात की गुजरातमधल्या खंभातची आठवण ठेवा. तिथल्या अकीक कारागिरांना सिलिकाच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. खाण नाही म्हणजे पाप नाही, असं नसतं. कारागीर ओल्यानं घासतो का, धूळ ओढायची सोय आहे का, हे विचारायला लाजू नका.

सध्या सगळ्यात जोरात आहे तो लॅब ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. तो नकली नाही. कार्बनच, रचनाही तीच. सीव्हीडी पद्धतीत हिऱ्याच्या पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून कार्बनचे थर चढवतात. हे काम आठशे-हजार अंश तापमानात कित्येक दिवस चालतं. म्हणजे वीज. आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची, म्हणून 'इको-फ्रेंडली' ही पाटी मी तशीच मानत नाही. कारखाना कुठला, वीज कुठली, हे विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याच्या पाटीला तेवढीच किंमत द्या. भाव गेल्या काही वर्षांत बराच उतरलाय, त्यामुळे परत घ्यायची वेळ आली की पेढ्या फारसा भाव देत नाहीत. गुंतवणूक म्हणून अजिबात घेऊ नका.

चमकच हवी असेल आणि खिसा आखडता असेल तर मॉयसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा खडा बघा. १८९३ मध्ये आंरी म्वासाँ यांना ॲरिझोनाच्या उल्काविवरातल्या नमुन्यात ते सापडलं. आज बाजारात मिळतं ते सगळं प्रयोगशाळेतलं. कठीणपणा सव्वानऊ. हिऱ्यापेक्षा त्यातून रंग जास्त फुटतात, मोठा खडा घेतलात तर मिरवणुकीतल्या लायटिंगसारखा दिसतो. छोटाच घ्या. फक्त उष्णतेवर चालणारं टेस्टर त्याला हिरा म्हणतं, म्हणून दुकानात पेनसारखं यंत्र लावून "बघा, पास!" म्हटलं तर मान डोलावू नका.

बिलात 'डायमंड रिंग' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. लॅब ग्रोन असेल तर तसं, मॉयसनाइट असेल तर तसं, खड्याचं वजन कॅरेटमध्ये, सोन्याचं निव्वळ वजन ग्रॅममध्ये, कस, घडणावळ, सगळं वेगवेगळं. लॅब ग्रोनच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असतो. दहापट भिंग मागून तो स्वतः वाचा. भिंग द्यायला काचकूच केली तर पलीकडच्या दुकानात जा, लक्ष्मी रोडवर दुकानांना तोटा नाही.