घड्याळाच्या चाकाचा कटर घरी केला, कापलेल्या कडेवर धातूची पातळ कोर, म्हणजे बर, यायची कशी थांबली (माझा अनुभव)

आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या ७२ दात्यांच्या चाकाचे चार दाते गेलेले, म्हणून बोहरी आळीतनं पितळी पत्रा आणला आणि शनिवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर सिल्व्हर स्टीलचा (तापवून कडक करता येणारं हत्याराचं पोलाद) फ्लाय कटर, म्हणजे गोल फिरणारा एकाच धारेचा कटर, केला. मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) ०.८, म्हणजे पिच सर्कलवर (दात्यांच्या साधारण मध्यातून जाणारं कल्पित वर्तुळ) खाच जेमतेम १.२६ मिमी, तेवढा आकार कानशीने आणायला भिंग लावून दोन संध्याकाळी गेल्या.

आणि पहिल्याच चाकाला बर इतकी की नखाने सोलता यावी! पितळ कापलं जात नव्हतं, नुसतं घासत होतं. कटरचं टोक मार्करने काळं करून एक खाच घेतली तर धारेमागची शाई पुसलेली, म्हणजे मागे मोकळीकच नव्हती, बाजूंनापण नाही.

कडक झालेल्या स्टीलला कानस लागत नाही, मग लाल करून राखेत रात्रभर गार केला, मागे उतार दिला, परत तापवला, लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर अजून जरासा, आणि पाण्यात बुडवला, नंतर घासून चकचकीत करून वाळल्या गवतासारखा फिका पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवला. ही शेवटची पायरी गाळू नका, धार काचेसारखी तुटते.

आता दाते एकदम स्वच्छ निघतात. पुढचा कोन (धारेच्या समोरच्या बाजूचा कल) मात्र शून्यच ठेवा, नाहीतर पितळ कटरला आत ओढतं.