ट्रेलरमधला पलंग लचकतो? जाड अँगल मारण्याआधी या चुका टाळा

पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. वर्षभर काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, डवरे आणि लोखंडी गेटचं. पण टिपेश्वर आणि ताडोबाकडे जाणाऱ्यांमुळे आता अधूनमधून गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलरही दारात येऊन उभा राहतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "भाऊ, पलंग लय लचकते. जाड अँगल मारून द्या, टेन्शनच नको."

पहिल्या ट्रेलरला मी तेच केलं. ५० बाय ५० मिमीचा, ६ मिमी जाडीचा अँगल, म्हणजे एलच्या आकाराचं लोखंड, लावून चौकट केली. ट्रॉलीचा हात बसलेला, दुसरं सुचलंच नाही. पलंग जागचा हलेना आणि मालक खूश होऊन गेला. महिन्याभरात परत आला. म्हणाला, रस्ता मोकळा मिळून वेग जरा वाढला की ट्रेलर मागून डुलतो, स्टेअरिंग हातात राहत नाही. पलंग ट्रेलरच्या मागच्या टोकाला होता. तिथं मी लोखंड वाढवलं होतं आणि खालच्या पेटीत त्यांनी पाण्याचे कॅन भरले होते. त्या दिवसापासून मी आधी एकच गोष्ट बघतो: झोपणाऱ्याचं वजन गादीवरून चासीपर्यंत, म्हणजे ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, कुठल्या वाटेनं उतरतं. लोखंड किती लागेल हा प्रश्न त्यानंतरचा.

लचक कुठली, हे न बघता काम सुरू करणं

गादी काढा. एकानं पलंगावर गुडघा टेकून वजन टाकायचं आणि दुसऱ्यानं खालून बॅटरी मारून बघायचं. पूर्ण आडवं झोपून काही कळत नाही, कारण तेव्हा वजन पसरतं. गादीवर चढताना माणूस गुडघ्यावर येतो आणि प्लाय तिथंच तुटतो.

खालून तीनपैकी एक गोष्ट दिसेल. आधारांच्या मधोमध प्लाय वाकत असेल, तर काम सोपं आहे. पलंगाची कड टेकलेली भिंतीवरची पट्टी सुटत असेल, तर मध्यम. तिसरी शक्यता बहुतेक जण तपासतच नाहीत: पलंग ठीक असतो, त्याखालची ट्रेलरची प्लायची जमीनच कुजलेली असते. छताच्या सांध्यातून किंवा खिडकीच्या कडेतून पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि पलंगाखालच्या कोपऱ्यात साचतं. तिथं ऊन नाही, वारा नाही, कोणी झाडूही फिरवत नाही. एक कोपरा खचला म्हणून माझ्याकडे आलेल्या एका ट्रेलरच्या जमिनीत स्क्रू ड्रायव्हर दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. अशा जमिनीवर कितीही भारी पाय उभा केला तरी तो खाली जाणारच. पाइपनं छतावर पाणी सोडून गळती शोधा, ती बंद करा, कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून काढा, नवा प्लाय बसवा आणि मग पलंगाकडे वळा. हे काम मृगाच्या पावसाआधीच उरका, कारण पावसाळ्यात ओलावा वाळत नाही. कोपऱ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधईही लागली आहे असं समजा. शेतात बांधाला महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला ती सहज चढते.

भिंतीवर भरवसा

ट्रेलरची भिंत घराच्या भिंतीसारखी नसते. आतून तीन-चार मिमीचा प्लाय, मध्ये थर्माकोल आणि ठरावीक अंतरावर लाकडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. स्क्रू पट्टीत गेला तरच धरतो. थर्माकोलमध्ये गेला तर खड्ड्यांच्या रस्त्यावर चार दिवसांत भोक मोठं करून बाहेर येतो. आतली पट्टी शोधायला जुन्या स्पीकरचं चुंबक भिंतीवरून फिरवा. जिथं ते चिकटेल तिथं आतल्या स्क्रूचं डोकं आहे.

तरीही माझं मत असं की भिंतीनं पलंग फक्त जागेवर धरावा, वजन पायांनी घ्यावं. पाय जमिनीत कुठंही टेकवू नका. ट्रेलरखाली शिरून चासीचे आडवे चॅनेल कुठं आहेत ते चाकाच्या कमानीपासून टेपनं मोजा आणि तेच माप आत येऊन मारा. पाय बरोबर त्या चॅनेलवर यायला हवा. पायाखाली तीन-चार इंचाची चौकोनी प्लेट द्या, म्हणजे तो प्लायमध्ये रुतणार नाही. जमिनीला भोक पाडण्याआधी खालून पुन्हा बघा. वायर, पाण्याचा पाइप, टाकी, ब्रेकची लाइन, सगळं तिथूनच जातं.

जाड म्हणजे मजबूत, हा समज

इथं मी जरा थांबतो, कारण आपल्याकडे ही चूक कारागीरही करतो आणि गिऱ्हाईकही. ४० बाय ४० चा ५ मिमी अँगल मीटरला ३ किलो भरतो. ५० बाय २५ चा २ मिमी चौकोनी पाइप मीटरला साधारण सव्वादोन किलो. वजनाला हलका असूनही हा पाइप उभा लावला, म्हणजे ५० ची बाजू वर-खाली ठेवली, तर त्या अँगलपेक्षा कमी वाकतो. तोच पाइप आडवा टाकला तर त्याचा ताठपणा तिसऱ्या हिश्शावर येतो. कितीतरी ट्रेलरमध्ये पाइप आडवा पडलेला दिसतो, पेटीची उंची दोन बोटं वाढावी म्हणून.

दुसरी गोष्ट आधारांमधल्या अंतराची. मधोमध एक पाय दिला आणि अंतर निम्मं झालं, की तेवढ्याच भारानं येणारी लचक आठव्या हिश्शावर येते. म्हणून सवासहा फूट बाय साडेचार फुटांच्या पलंगाला मी आता दोन लांब पाइप, चार आडवे पाइप आणि मधला पाय देतो. चौकट एकवीस-बावीस किलोत होते. तीच ५० च्या ६ मिमी अँगलमध्ये बेचाळीसच्या घरात जाते. आधार जवळजवळ असले की वर १२ मिमी प्लाय पुरतो. १८ मिमी घेतला तर दहा किलो उगाच वाढतात. प्लायवर ७१० चा आयएस शिक्का बघून घ्या, पाण्याला टिकणारा तोच.

आपल्या भागात सागवानाचं प्रेम आहे आणि ते मलाही आहे. आलापल्ली-बल्लारशाचं लाकूड हातात घेतलं की सोडवत नाही. पण ट्रेलरमध्ये अख्ख्या फळ्या नकोत. कडेच्या रिपा सागवानी घ्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

आतच वेल्डिंग करणं

हे कृपा करून करू नका. भिंतीत थर्माकोल आणि वायर असते, एक ठिणगी आत गेली तर धूर बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. चौकट बाहेर बनवा, दारातून जाईल अशा दोन भागांत, आणि आत नट-बोल्टनं जोडा. चासीला खालून वेल्डिंग लागलंच तर बॅटरीची वायर सोडा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच लावा. चिमटा दूर लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो.

जोडायला काळे जिप्समचे स्क्रू वापरू नका. ते गावातल्या हार्डवेअरला सहज मिळतात आणि झटकन बसतात, पण ठिसूळ असतात. रस्त्याच्या धक्क्यानं त्यांचं डोकं उडतं आणि तुम्हाला कळतही नाही. पाइपला नायलॉनवाला नट आणि रुंद वायसर, लाकडाला लाकडाचाच स्क्रू, तोही आधी बारीक भोक पाडून. पाइप आणि प्लाय यांच्यामध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला. रात्री कूस बदलताना येणारी करकर निम्म्याहून जास्त तिथंच थांबते.

झाकण, पंप आणि पेटीतलं सामान

पलंगाचं झाकण उघडून धरायला पंप लावतात, घरच्या हायड्रॉलिक बेडला असतात तेच. पंप अंदाजानं आणला की फसतो. हलका असेल तर झाकण डोक्यावर येतं. भारी असेल तर ते बंदच होत नाही आणि प्लायला बाक येतो. आमच्याकडे कापूस वेचणीच्या हंगामात गाठोडं मोजायचा टांगता काटा घरोघरी असतो. गादीसकट झाकणाची पुढची कड त्या काट्यानं उचला, किती किलो दाखवतो ते लिहा आणि झाकणाची रुंदी सांगून त्या हिशोबानं पंपाची जोडी मागा. पंपाचा पत्रा मात्र लोखंडी चौकटीला बसवा; नुसत्या प्लायमधून स्क्रू उपटून येतात.

पेटी मोठी झाली की माणूस ती भरतो. गॅस सिलिंडर तिथं अजिबात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो आणि वर माणसं झोपलेली असतात. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिलाही बाहेर उघडणारी हवा हवी.

आणि वजन कुठं बसतं ते बघा. बैलगाडी उलार झाली, म्हणजे भार मागे गेला, की जू वर उचलतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवर यायलाच हवा, नाहीतर तो डुलतो. मोजायला कापसाच्या जिनिंगचा किंवा बाजार समितीचा गाड्या तोलायचा काटा आहेच. ट्रेलर गाडीपासून सोडवून पूर्ण काट्यावर घ्या, मग फक्त चाकं काट्यावर आणि दांडी बाहेर जॅकवर ठेवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. सामान भरूनच मोजा आणि एकूण वजन आरसी बुकातल्या आकड्याच्या आत आहे ना, तेही तिथंच बघा. पलंग मागे असेल तर जड सामान चाकांच्या वर आणा, पेटीत फक्त अंथरूण-पांघरूण ठेवा.

गादीखाली हवा नसणं

कापसाची गादी आपल्याकडे आवडीची, पण एका माणसाच्या गादीत दहा-बारा किलो कापूस सहज जातो आणि तो ओल धरतो. प्लायला वीतभर अंतरानं दीड इंचाची भोकं पाडा, नाहीतर श्रावणात गादीच्या पाठीवर काळे ठिपके येतील. भोकांच्या कडांनाही रंग लावा. चौकटीला मात्र आधी गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात, पाइपच्या उघड्या तोंडांना बूच, आणि सगळं उन्हात पूर्ण वाळल्यावरच आत. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद ट्रेलरमध्ये त्याहून जास्त तापतं आणि पांढऱ्या गोंदावर टिकवलेला सांधा त्या उन्हात सरकतो. म्हणून गोंद लावा, पण भार स्क्रू-बोल्टवर ठेवा.

काम झालं की मी मालकाला ट्रेलर लगेच लांब नेऊ देत नाही. आधी हायवे सोडून गावरस्त्यानं वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगतो, पलंगावर कोणी न बसता. परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळतो. दर वेळी दोन-तीन तरी अर्धा आटा फिरतात.