मालगुजारी वाड्याचा इतिहास कसा काढायचा

नागपूर जिल्ह्यात रामटेक, उमरेड, सावनेरकडच्या गावांत मालगुजारी वाडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारला भरणाऱ्या मालगुजारांचे वाडे, अजून उभे आहेत. इतिहास काढायचा तर आजच्या उताऱ्यापासून मागे जा. घरच्यांच्या आठवणी नंतर जुळवा.

मौजा (महसुली गाव), पटवारी हलका (तलाठ्याच्या कामाचा भाग) आणि खसरा नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) आधी टिपून घ्या. वाडा गावठाणात असेल तर त्याचा सातबारा मिळणार नाही. सिटी सर्व्हे झाला असेल तर आखीव पत्रिका, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा. ८-अ घेऊन येऊ नका, तो शेतजमिनीच्या खात्याचा. वाड्यालगतच्या शेताच्या सातबाऱ्यावर फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, असतात; प्रत्येकाची नक्कल काढा. मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क होता याची नोंद. खसरा नंबर मधल्या काळात बदललेले असू शकतात, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता पाहिल्याशिवाय पुढे जाल तर शेजाऱ्याच्या शेताचा इतिहास लिहून बसाल.

सगळ्यात महत्त्वाची तारीख ३१ मार्च १९५१. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तिथल्या १९५० च्या कायद्याने त्या दिवशी मालगुजारी संपली. राहता वाडा आणि घरची शेती मालकाकडे राहिली, जंगल, पडीत आणि गावाचे बहुतेक तलाव सरकारकडे गेले. वसुली थांबली की वाड्यातल्या कचेरीला, म्हणजे साऱ्याचा हिशेब ठेवायच्या जागेला, काम उरत नाही. त्यामुळे कचेरीत शाळा कधी भरली, कोठार भाड्याने कधी गेलं, हे या तारखेनंतरच्या कागदांत आधी शोधा.

त्याआधीच्या काळासाठी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात बंदोबस्ताची (सारा ठरवण्याच्या मोजणीची) मिसल म्हणजे फाईल, आणि वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या हक्क-रिवाजांची नोंद मागा. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि पुढच्या दशकात मालगुजारांचे हक्क कागदावर आले. ‘आठ आणे’ दिसलं की ती रक्कम समजू नका: अख्खं गाव सोळा आणे, म्हणजे हा निम्मा हिस्सा. आण्याच्या बारा पै धरून वाटण्यांची बेरीज करा. सोळा आणे भरले नाहीत तर एखादा हिस्सेदार सुटलाय. मोडी कागद जाणकाराकडूनच वाचून घ्या.

आता भिंती. टेप लावून प्रत्येक खोलीचा नकाशा काढा, बुजवलेली दारं त्यावर दाखवा. चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंटने बुजवलेलं दार म्हणजे खोलीचा वापर बदलल्याची खूण. खिडकी नसलेली जाड भिंतींची खोली बहुधा कोठार. लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेली भिंत मात्र जुनीच असेल असं नाही; चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि अलीकडचं कामही फुगून सुटतं.