हाडांचं औषध सुरू करताय? ते थांबवायचं कसं, हे आधी विचारा

साडीच्या निऱ्या जमिनीला लागायला लागल्या तेव्हा मला वाटलं, परकरच सैल झालाय. मोजून बघितलं तर उंची पाच सेंटिमीटरने कमी भरली. एक्स-रेत एक मणका चेपलेला निघाला. कधी चेपला, मला पत्ताही नव्हता. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

तेव्हापासून भिशीतल्या बायका मला विचारतात, "कुठलं औषध चांगलं गं?" मी म्हणते, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढंच विचारा, की हे किती वर्षं घ्यायचं आणि थांबवलं तर काय होतं? खरा फरक तिथेच आहे.

मी अ‍ॅलेंड्रोनेट घेते. ७० मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदाच. माझा वार रविवार. उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध काही चालत नाही, औषध अंगी लागत नाही. नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी एकदा गोळी घेऊन लगेच रांगोळी काढायला वाकले, तर दुपारपर्यंत छातीत जळजळ. आता रविवारची रांगोळी सूनबाई काढते. कॅल्शियमची गोळी मी जेवणानंतर घेते. थायरॉइडची गोळी असेल तर त्या दिवशीचा क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गोळी सोसत नसेल तर त्याच जातीचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. आधी किडनीची तपासणी हवीच, आणि 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढायला हवं.

ही औषधं हाडात मुरून राहतात. म्हणून धोका कमी असेल तर गोळ्यांच्या पाच वर्षांनंतर, सलाईनच्या तीन वर्षांनंतर डॉक्टर सुट्टी देऊ शकतात. माझीही पाच वर्षं झाली. मी पेढे आणायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमचा मणका आधीच चेपलाय. तुम्हाला सुट्टी नाही."

डेनोसुमॅबचं मात्र उलटं. दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, ना उपाशीपोटी राहणं, ना जळजळ. माझ्या जाऊबाई खूश होत्या. मग लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या आणि इंजेक्शन चार महिने लांबलं. परत आल्या त्या पाठ धरूनच, दोन मणके चेपलेले. या औषधाचा असर ओसरला की हाडांची झीज उसळी मारते. सुट्टी नाहीच, थांबवायचं तर त्याजागी दुसरं औषध आधीच ठरलेलं हवं. प्रवास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आता त्यांच्या कालनिर्णयवर सहा महिन्यांपुढच्या तारखेला लाल गोल असतो.

हाडं फारच ठिसूळ असतील तर टेरिपॅराटाइड. रोज स्वतः टोचायचं, इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये, सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं. ते हाड बांधतं, पण नंतर ते टिकवणारं औषध घेतलं नाही तर कमावलेलं जातं. रोमोसोझुमॅब हेही हाड बांधणारं इंजेक्शन, दर महिन्याला, वर्षभर. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर आधी सांगा.

गोळी, सलाईन किंवा डेनोसुमॅब सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. काढायचा दात असेल तर आधीच काढा, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. पुढेही दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. आणि मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखायला लागलं तर "वय झालं" म्हणून तेल चोळत बसू नका. बरीच वर्षं औषध घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो, आणि तो आधी असा दुखूनच सांगतो. त्याच आठवड्यात एक्स-रे काढा.