लॅपटॉप टीव्हीला जोडताना या चुका टाळा

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर चित्राच्या कडा कापल्या गेल्या आणि खालचा टास्कबार दिसेनासा झाला, की बहुतेक जण लॅपटॉपचे रेझोल्यूशन कमी करू लागतात. असे करू नये. दोष लॅपटॉपमध्ये नसून टीव्हीच्या एका जुन्या सवयीत आहे. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राची कड सगळीकडे सारखी दिसत नसे, म्हणून टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडेचा भाग चौकटीआड जाऊ देत असत. ही पद्धत ओव्हरस्कॅन या नावाने अनेक सपाट टीव्हींतही राहिली. लॅपटॉपने पाठवलेल्या १९२० × १०८० चित्राचा प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकेका ठिपक्यावर बसायला हवा, पण टीव्हीने ते चित्र ताणले की कडा तर जातातच, शिवाय बारीक अक्षरेही पुसट होतात. रेझोल्यूशन कमी केल्याने ताणणे थांबत नाही, अक्षरे मात्र आणखी बिघडतात.

उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये एलजीच्या टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, तर सोनीवर ‘फुल पिक्सेल’ अशा नावांचे पर्याय आढळतात. अनेक टीव्हींत ही निवड त्या त्या इनपुटपुरतीच लागू होते, म्हणून लॅपटॉपचे चित्र पडद्यावर असतानाच ती करावी. लॅपटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चित्र आखडून घेण्याची सोयही असते, परंतु तीत चित्राचे माप पुन्हा बदलत असल्यामुळे टीव्हीवर काहीच पर्याय नसेल तरच तिचा आधार घ्यावा.

कडा नीट बसल्यावरही रंगीत अक्षरांभोवती, विशेषतः काळ्यावर लाल मजकूर असताना, धूसर झाक दिसत असेल, तर टीव्ही रंगांचा तपशील कमी करून दाखवत असण्याची दाट शक्यता आहे. चित्रपटात हे जाणवत नाही, मजकुरात लगेच जाणवते. अशा वेळी त्या इनपुटचे नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करावे आणि शार्पनेस उतरवावा. शार्पनेस वाढवला की अक्षरांना पांढरी किनार येते, ती स्पष्टता नव्हे. माझ्या मते या एका बदलाचा लाभ महागड्या केबलपेक्षा जास्त आहे, आणि तो कोणी सांगत नाही याची खंत वाटते.

लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ असेल आणि दोन्ही पडद्यांवर तेच चित्र ठेवले असेल, तर टीव्हीलाही बहुधा तेच कमी रेझोल्यूशन मिळते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून केवळ दुसऱ्या पडद्याचा पर्याय निवडावा, म्हणजे टीव्हीचे स्वतःचे रेझोल्यूशन देता येते.

फोर-के टीव्हीवर माऊसचा बाण अडखळत सरकत असेल, तर लॅपटॉपच्या डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा (हर्ट्झमध्ये), पाहावा. एचडीएमआय १.४ फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच देते, तर ६० हर्ट्झसाठी लॅपटॉप, केबल आणि टीव्हीचा पोर्ट हे तिन्ही २.० च्या क्षमतेचे लागतात. टीव्हीच्या पोर्टची ही क्षमता कधीकधी सेटिंगमधून सुरू करावी लागते, त्यामुळे केबल बदलण्याआधी तेथे पाहावे. जुना लॅपटॉप असेल तर १०८० वर ६० हर्ट्झ ठेवणे काम करताना अधिक सुखाचे ठरते.

चित्रच येत नसेल, तर प्रथम टीव्हीचे इनपुट तपासावे. प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र पाठवू शकतोच असे नाही, आणि व्हीजीए या जुन्या पोर्टातून एचडीएमआयकडे नेणारा ॲडॉप्टर उलट दिशेने चालत नाही. बाकी सर्व दिसते आणि केवळ ओटीटीवरचा चित्रपट काळा राहतो, अशा वेळी अडथळा बहुधा एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाचा असतो, म्हणून मधला ॲडॉप्टर किंवा स्प्लिटर काढून लॅपटॉप थेट टीव्हीला जोडून पाहावा.