साथीचा आकडा कसा वाचावा: कोकणातल्या गावकऱ्यांसाठी

तालुक्याचा आकडा व्हॉट्सॲपवर आला की पुढे पाठवण्याआधी वही काढा आणि पहिल्यांदा भागाकार तपासा. कोकणात सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. कितीतरी घरांतले पुरुष मुंबईला असतात, ते या प्रमाणात दिसतं. गणपतीला तेच गावी येतात. समजा, तालुक्याची वस्ती एक लाख आणि आठवड्यात ६० रुग्ण, म्हणजे लाखामागे ६०. पण त्या आठवड्यात २५ हजार चाकरमानी उतरले असतील आणि स्टेशनवर तपासलेले त्यांचे रुग्णही त्या साठात असतील, तर भागायचं सव्वा लाखाने. उत्तर येतं ४८. दोन्ही उत्तरं लिहा, शेजारी आठवडा कुठला तेही लिहा.

मग चाचण्या पाहा. ४० चाचण्यांत ८ बाधित म्हणजे २० टक्के, ४०० चाचण्यांत ४० म्हणजे १० टक्के. रुग्ण पाचपट झाले खरे, पण शिबिर लागलं म्हणून ते सापडले असू शकतात. रविवारी नमुने कमी जातात, त्यामुळे एका दिवसावर न जाता सात दिवसांची सरासरी काढा.

मृत्यूचा आकडा कळवल्याच्या तारखेचा की घडल्याच्या तारखेचा, हे विचाराच. १६ जून २०२० ला राज्याच्या कोविडच्या आकड्यांत १,३२८ जुने मृत्यू एकदम जमा झाले. आलेखावर तो कडा दिसतो, पण ती माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती. शिवाय मृत्यूची नोंद जिथे घडला तिथे होते. चिपळूणचा माणूस मुंबईत वारला तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तो सापडत नाही. कारणाचा रकानाही जपून वाचा: १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे बहुतेक बळी सरकारी दप्तरात नुसते 'ताप' या सदराखाली गेले.

मॉडेल, म्हणजे साथ पुढे किती वाढेल याचा गणिती अंदाज, वाचताना त्यातला 'जर' शोधा. बातमीत पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द. आज १०० रुग्ण, दर सात दिवसांनी दुप्पट, तर २८ दिवसांनी १६००. दुप्पट व्हायला दहा दिवस लागले तर जेमतेम ७००. म्हणून एकच आकडा सांगणाऱ्या अंदाजाला 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' हे विचारा. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन शास्त्रज्ञांचं साथींविषयीचं १९२७ चं गणित आजच्या अनेक मॉडेलांचं मूळ आहे. ते त्यांनी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगवर लावून पाहिलं. वक्र सुंदर जुळला, तरी आपली गृहीतकं काटेकोर खरी नाहीत, हे फार ढोबळ उत्तर आहे, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. हा प्रामाणिकपणा आजच्या प्रत्येक अंदाजात शोधावा. साध्या मॉडेलात वस्ती बंदिस्त धरतात, कोणी येत नाही, कोणी जात नाही. शिमग्याला आणि गणपतीला भरणाऱ्या गावाला ते तसंच्या तसं लावू नका.

फलकावर आकडा लिहायची वेळ आली तर गावाचा एकत्र लिहा. पाच घरांच्या वाडीत 'वाडीत १ रुग्ण' लिहिलं की घर कळतं, आणि त्या घरी दूध घालणाराही थांबतो.