स्लाइड वाकडी बसते? पाना सगळ्यात शेवटी

राहायच्या ट्रेलरची स्लाइड, म्हणजे मुक्कामी बटण दाबून भिंतीतून बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, वाकडी बसायला लागली की माणसाचा हात आधी पान्याकडे जातो. मी आयुष्यभर फिटरकाम केलं, त्यामुळे माझाही जातो. पण स्लाइडच्या बाबतीत माझा क्रम उलटा आहे. आधी जमीन, मग बॅटरी, मग कचरा, मग मोजमाप आणि पाना सगळ्यात शेवटी. 'अलाइनमेंट गेली' म्हणून जी स्लाइड दाखवतात, तिची अलाइनमेंट बऱ्याचदा जागच्या जागी असते. ट्रेलर तिरका उभा असतो, बॅटरी उतरलेली असते, दात्यांत वाळू असते, नाहीतर बटण अर्ध्यावर सोडायची सवय असते. हे न बघता नट फिरवलात तर नसलेला दोष तुम्हीच तयार करता, आणि मग तो शोधताना नाकी नऊ येतात.

आपल्याकडे कुठली यंत्रणा आहे ते आधी बघून घ्या. ट्रेलरखाली डोकवा. स्लाइडच्या पोटाखाली दोन लोखंडी आर्म, त्यांना दातेरी पट्टी आणि दोन्ही आर्मना जोडणारा आडवा शाफ्ट दिसला तर ती रॅक-अँड-पिनियन. माझी हीच आहे, म्हणून पुढचं बरंचसं तिच्याबद्दल. स्लाइडच्या उभ्या बाजूंवर, वर एक आणि खाली एक अशा ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतील तर ती श्विनटेक पद्धतीची. तिची यंत्रणा भिंतीत असते आणि दोन्ही बाजूंना वेगळी मोटर असते. कोपऱ्यांतून पोलादी केबल जात असतील तर केबलची, आणि जाड होज नि सिलिंडर असतील तर हायड्रॉलिक. एकीचा उपाय दुसरीवर चालवू नका.

पाना नको, पाणसळ घ्या

ट्रेलर उभा केला की आधी आडवा सपाट करा, म्हणजे डावं-उजवं. त्यासाठी चाकाखाली ठोकळे. मग चाकांना पुढून-मागून अडथळे लावा, गाडीपासून सोडवा आणि पुढच्या जॅकने पुढं-मागं सपाट करा. कोपऱ्यातले स्टॅबिलायझर हे ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांनी कोपरा उचलला की चासीला पीळ बसतो, आणि ज्या चौकटीतून स्लाइड ये-जा करते तीच चौकट काटकोनातून सुटते. एरवी मजेत चालणारी स्लाइड एखाद्याच ठिकाणी वरच्या कोपऱ्यात घासत असेल, तर मी आधी कोपऱ्यातले जॅक ढिले करून बघतो.

पाणसळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका, फ्रेमवर किंवा आतल्या जमिनीवर ठेवा. कट्टा सपाट असेलच याची खात्री कोणी दिली आहे?

आता वीज. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काही जोडलेलं नसताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास आली म्हणजे जवळपास अर्धी उतरली. अशा बॅटरीवर मोटर फिरते, पण जोर नसतो. स्लाइड रेंगाळते, आणि दोन मोटरवाल्या यंत्रणेत एक बाजू मागे राहून सगळी खोली तिरकी होते. म्हणून शक्यतो बाहेरची वीज जोडून किंवा ओढणाऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून स्लाइड चालवा. तरीही रेंगाळली तर मल्टिमीटर घ्या आणि मोटर फिरत असतानाच मोजा, आधी बॅटरीच्या टोकांवर, मग मोटरच्या टोकांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर मी मोटरला दोष देत नाही, तारांचे जोड उघडतो. ट्रेलरखालचा अर्थिंगचा जोड चिखल-पाण्यात असतो. तो काढून, चकाकेपर्यंत घासून परत आवळला की पुष्कळदा स्लाइडला 'नवी मोटर' मिळते.

आणि बटण. बटणावर एकाच माणसाचं बोट असावं आणि ते शेवटपर्यंत दाबलेलं असावं. दुसऱ्याने बाहेर उभं राहून बघायचं आणि 'थांब' म्हणायचं, एवढंच. श्विनटेकमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण तिचा कंट्रोलर दोन्ही मोटरचे फेरे मोजून त्यांना बरोबरीने चालवतो. दोन्ही मोटरी आपोआप थांबेपर्यंत आणि त्यानंतरही तीन-चार सेकंद बटण धरून ठेवा. बाजू मागेपुढे झाल्या असतील तर स्लाइड पूर्ण बाहेर काढा, इंच-दोन इंच आत घ्या, परत पूर्ण बाहेर काढून धरून ठेवा, असं दोन्ही बाजू टेकेपर्यंत करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

कचरा आणि रबर

स्लाइड आत घेण्याआधी तिच्या छतावर बघणं हा माझ्या लेखी देखभालीचा अर्धा भाग आहे. झाडाखाली उभं राहिलात की वर पानं, काटक्या, बिया साठतात. त्या तशाच आत ओढल्या की रबराखाली अडकतात, रबर दुमडतं आणि पुढच्या पावसात पाणी नेमकं तिथून आत येतं. शिडी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश सोबत ठेवा. आत घेताना जमिनीवर एखादा खडासुद्धा नको. लायनोलियमवर तो लांबलचक चरा काढतो.

रबर दोन प्रकारचं असतं. एक पोकळ, फुगीर, जे दाबलं जाऊन फट बंद करतं. दुसरं पातळ पात्याचं, जे स्लाइड सरकताना तिच्या अंगावरचं पाणी निपटतं. दोन्ही साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा आणि मग रबरासाठी मिळणारं, पेट्रोलियम नसलेलं कंडिशनर हलक्या हाताने लावा. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे रबरावर मारू नका. पेट्रोलियमने रबर फुगतं, मऊ पडतं. स्लाइड ज्या दिशेला सरकते तसं पातं उलटसुलट वळतं. स्लाइड पूर्ण बाहेर काढल्यावर ते सगळीकडे बाहेरच्या अंगाला वळलेलं आहे ना हे बोट फिरवून बघा. कोपऱ्यात ते हमखास आत दुमडून बसलेलं असतं.

दात्यांवर ग्रीस चोपडायचा मोह आवरा. उघड्या दात्यांवरचं ग्रीस रस्त्यावरची धूळ धरतं आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. ताठ ब्रशने दाते साफ करा आणि कोरडं वंगण, म्हणजे पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा सिलिकॉनचा सुकणारा स्प्रे, पातळ मारा. तेही तुमच्या यंत्रणेच्या पुस्तकात चालतं म्हटलं असेल तरच.

मोजमाप

आता खरं काम. एक पोलादी पट्टी, पेन्सिल आणि कागदाच्या चार पट्ट्या घ्या. स्लाइड पूर्ण आत घ्या. बाहेरून, स्लाइडची कड आणि ट्रेलरची भिंत यांच्यातलं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. मग स्लाइड पूर्ण बाहेर काढा आणि आतून तसंच मोजा, आतली कड आणि भिंत. एकूण आठ आकडे होतात. माझे आठही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले आहेत, शेजारी तारीख. स्लाइड नीट चालत असतानाच हे लिहून ठेवा. बिघडल्यावर 'पूर्वी किती होतं' हे कोणाला आठवत नाही.

कागदाची पट्टी म्हणजे अशी: स्लाइड बंद होताना रबर आणि भिंत यांच्यामध्ये पट्टी धरायची, बोटं काढून घ्यायची, बंद झाल्यावर ती हळू ओढायची. चारही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. एके ठिकाणी कागद सुळकन निघाला तर रबर तिथे दाबलंच जात नाही. एके ठिकाणी फाटला तर तिथे गरजेपेक्षा जास्त दाब आहे.

आता आकडे वाचायचे. इथे घाई करू नका, निदान इथेच होतं.

आत घेतल्यावर मागच्या बाजूला फट राहते, आणि बाहेर काढल्यावर तेवढीच फट पुढच्या बाजूला राहते: म्हणजे पुढचा आर्म मागच्याच्या तुलनेत आत सरकलेला आहे, दोघांचा मेळ सुटलाय. दोष आडव्या शाफ्टवर शोधा. कपलिंगचा, म्हणजे शाफ्टच्या जोडाचा, बोल्ट झिजला किंवा तुटला आहे का, की एका बाजूने दात सोडलाय? दात्यांमधलं अंतर मोजा. फट त्या अंतराएवढीच भरली तर दात सुटला असं मी धरून चालतो. कमी भरली तर बोल्ट.

आत घेतल्यावर फट आहे, पण बाहेर काढल्यावर चारही आकडे सारखे: मग मेळ ठीक आहे, आर्मच्या बाहेरच्या टोकाला जिथे स्लाइड बोल्टने धरलेली असते तिथला थांबा, म्हणजे स्लाइड आत येऊन जिथे थांबते ती जागा, बदललाय.

आत घेतल्यावर दोन्ही बाजूंना वरती फट आणि खाली घट्ट: स्लाइडचं बाहेरचं टोक खाली बसलंय, ते उचलावं लागेल.

आणि एकाच कोपऱ्यात फट, बाकी तीन नीट: आधी ते रबर तपासा, मग ट्रेलरच्या भोकाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्णांत फरक आला तर चौकटच वाकडी आहे, आणि नट फिरवून काही होणार नाही.

मग पाना

ट्रेलरखाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बायको तरीही आतल्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवते, आणि मी तिला कधी अडवलेलं नाही. स्लाइड सरकत असताना तिच्याखाली कोणीही नको.

प्रत्येक नट सोडण्याआधी नट आणि पट्टी दोन्हींवरून जाणारी एक पांढरी रेघ मारा. फिटरकीत याला पर्याय नाही. काही बिघडलं तर रेघ जुळवून परत सुरुवातीला येता येतं. थांबा बदलायचा असेल तर आधी चेकनट, म्हणजे मुख्य नट हलू नये म्हणून त्याला लागून आवळलेला नट, ढिला करा, मग मुख्य नट पाव फेरा फिरवा. उंची बदलायची असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट फक्त हलतील इतके ढिले करा, स्लाइडच्या कडेखाली जॅक आणि मधे रुंद फळी लावून भार उचलून घ्या, मग उंचीचा बोल्ट फिरवा. भार नटावर असताना तो फिरवलात तर आटे जातील. जॅक काढा, सगळं आवळा, वायर जोडा, स्लाइड पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत घ्या, आठही आकडे परत मोजा. एका वेळी एकच नट. हे कंटाळवाणं आहे खरं, पण दोन नट एकदम फिरवले की कशामुळे काय झालं ते कळत नाही. मला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा फरक चालतो, कागद चारही ठिकाणी धरत असेल तर. त्याहून बारीक मागे लागू नये. पुढच्या मुक्कामाला जमीन वेगळी असते.

केबलच्या स्लाइडमध्ये प्रत्येक कोपऱ्यात आत ओढणारी आणि बाहेर ओढणारी अशी जोडी असते. एक आवळायची तर तिची जोडीदार आधी सैल करावी लागते, नाहीतर केबल तुटते किंवा ब्रॅकेट वाकतं. हायड्रॉलिकमध्ये स्लाइड आत घेऊन टाकीतल्या तेलाची पातळी बघा, जोडांवर ओल आहे का बघा. त्यापुढचं काम मी स्वतः करत नाही.

स्लाइडच्या जमिनीचे बाहेरचे दोन कोपरे खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा प्लायवूड दबलं तर पाणी कधीचं आत शिरलंय. अशा जमिनीत बोल्ट धरत नाही, तिची आधी दुरुस्ती. तसंच आर्म वाकलेला दिसला किंवा पिनियनचे, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या छोट्या चाकाचे, दाते धारदार झालेले दिसले तरी वर्कशॉप गाठा.

वाटेत मोटर बंद पडली तर स्लाइड हाताने आत घेता यावी, म्हणून मोटरच्या मागचं षटकोनी टोक कुठे आहे आणि त्याला कुठला सॉकेट बसतो हे घरी असतानाच बघून ठेवा. बऱ्याच मोटरींना ब्रेकची छोटी दांडी असते. हाताने फिरवण्याआधी ती सोडावी लागते, आणि स्लाइड आत गेल्यावर परत लावावी लागते. ती लावायची राहिली तर पहिल्याच वळणावर स्लाइड बाहेर सरकू शकते. निघण्याआधी खाली वाकून ती दांडी हाताने चाचपून बघा.